ठणठणीत

कॅप्टनने यंत्रात फुंकर मारली. दारूचा अंश नाही, हिरवा दिवा लागला. सर्दीची गोळी पकडणारं यंत्र अजून निघायचंय. गोळीने नाक मोकळं झालं होतं, डोळ्यांवर मात्र हलकी झापड होती. अशी गोळी घेऊन विमानाला हात लावायचा नाही, हे नव्या पायलटांना तोच दरडावून शिकवायचा.

"फिट ना, सर?" ड्यूटी ऑफिसरने विचारलं.

"एकदम ठणठणीत."

टोपी चढवून तो निघाला, तोच लेकीचा फोन आला. "बाबा, सांगणारच नव्हते, पण राहवेना. आज तुझ्याच विमानात बसतेय. पिल्लूही आहे बरोबर."

तो आल्या पावली ऑफिसरच्या टेबलाशी परतला. "दुसरा पायलट बोलवा. मी सर्दीची गोळी घेतलीय, झापड येतेय."

विमानाला उशीर झाला, प्रवासी वैतागले. ऑफिसर मात्र शेजारी उभ्या असलेल्या नव्या पायलटांना म्हणाला, "बघून ठेवा. ओळख ना पाळख, तरी परक्यांच्या जिवाची इतकी काळजी."

कॅप्टनने नाक पुसायला रुमाल काढला, आणि बराच वेळ तो तोंडावरून खाली घेतला नाही.