काकांचा वेग

रस्त्याकडेला उभ्या ऋजुताने स्पीडगन रोखली, तसे सूतगिरणीकडून येणारे काका टुणकन खाली उतरले आणि सायकल ढकलत चालू लागले. यंत्रावर आकडा आला चार. मागचे दोघेही उतरले. तिला काही उमगेना. सायकलींसाठी वेगळा रस्ता मागायला आकडे हवे होते, पण चारच्या वेगाला रस्ता कोण देणार?

“काका, बसा की सायकलवर! दंड नाही, नुसता वेग मोजतेय.”

“बत्ती नाही, मॅडम. ब्रेकपण धड नाही.”

“अहो, मी पोलीस नाही!”

“सगळे असंच म्हणतात. आधी ते आत ठेवा, मग बघा कशी पळवतो.”

तिने गोंधळून स्पीडगन पिशवीत घातली. काकांनी टांग मारली आणि घंटी वाजवत सुसाट निघाले. वळणावरून मागे बघत ओरडले, “किती आलं, मॅडम?”