पैकीच्या पैकी

"सर, फक्त सही करा," अधिकारी म्हणाला आणि त्याने निकालपत्रक टेबलावर पुढे सरकवलं.

इतिहासाच्या सरांनी चष्मा लावला. अठ्ठावीस वर्षांनी निवडणूक झाली होती आणि या शाळेतल्या केंद्राचे प्रमुख ते होते. मोजणी आत्ताच संपली होती. पत्रकावरचे आकडे बरोबर होते. नावांची तेवढी अदलाबदल झाली होती.

सरांनी भूगोलाच्या बाईंकडे पाहिलं. बाईंनी तीन-तीनदा मोजलं होतं. मोजणीचा कच्चा कागद अजून त्यांच्या हातात होता. दाराशी दोन बंदूकधारी शिपाई उभे होते. खिडकीबाहेर पटांगण माणसांनी गच्च भरलं होतं, पण कुणी खोकतही नव्हतं.

"ताई अजून सरकारी दवाखान्यातच आहेत ना?" अधिकाऱ्याने आपुलकीने विचारलं.

सरांनी चटकन वर पाहिलं. त्यांच्या मुलीला तिथे नोकरी लागून वर्षही झालं नव्हतं.

"घाबरू नका हो. मी तुमचाच विद्यार्थी. इतिहासात पैकीच्या पैकी दिले होते तुम्ही मला."

सरांनी पेनाचं टोपण काढलं. निब कागदाला टेकली आणि हात थांबला.

"शेवटचा प्रश्न कोणता होता, आठवतंय?"

"न आठवायला काय झालं! मागची निवडणूक. अठ्ठ्याण्णव टक्के मतांनी विजय. अजून तोंडपाठ आहे."

सर उठले. बाईंच्या हातातला कच्चा कागद घेऊन ते खिडकीशी गेले आणि वर्गात हजेरी घ्यावी तशा खणखणीत आवाजात त्यांनी दोन्ही नावं, दोन्ही आकडे वाचले. मग पुन्हा एकदा वाचले. पटांगणातून असा गलका उठला की तावदानं थरथरली. शिपायांनी एकमेकांकडे पाहिलं. जागचं मात्र कुणी हललं नाही.

अधिकारी पांढराफटक पडला. "काय केलंत हे, सर! आता तुमचं काय होईल, ताईंचं काय होईल..."

"माहीत नाही." सर पहिल्या बाकावर बसले. "उत्तर चूक होतं तुझं."

"चूक कसं? तुम्हीच तर शिकवलंत!"

"हो. पुस्तकातला तो आकडा असाच एकेका शाळेतून गेला. तेव्हाही इथल्या पत्रकावर सही माझीच होती." सरांनी चष्मा काढला. "पेट्या आम्ही उघडल्याच नव्हत्या."