मिरर मोडताना

“सांगितलं तर कुणाचा विश्वास बसणार नाही, केतकी!” अण्णांनी मांडीवर थाप मारली. पाठीमागचा कॉम्प्युटरचा पडदा मात्र काळाठिक्कर होता.

घरच्या कॉम्प्युटरमध्ये दोन डिस्क होत्या. एकीवर लिहिलेलं दुसरीवर जसंच्या तसं उमटायचं. नवी सिस्टीम टाकण्याआधी ही जोडी मोडायची होती. एक पुसली तरी दुसरी आहेच, या भरवशावर अण्णांनी ‘डिलीट’ दाबलं आणि मग उमगलं, आरशासमोर टोपी काढली की आरशातलं डोकंही उघडं पडतं. केतकी त्यांची सून. तिची आई गेल्या वर्षी गेली. आईने गायलेले पाळणे तेवढे त्या डिस्कवर उरले होते, आणि केतकीला आठवा महिना लागला होता.

“मग मी काय केलं?” अण्णांची जीभ थांबेना. “चालू मशीनमध्ये हात घातला! ठिणग्या अशा उडाल्या, की शेजाऱ्यांचा टीव्ही आपोआप सुरू झाला. तरी एक डिस्क ओढून काढलीच. तांदळाच्या डब्यात खोल पुरून ठेवलीय. पाडव्यापर्यंत झाकण उघडायचं नाही, नाहीतर आवाज उडून जातो.” तोवर काहीतरी मार्ग निघेल, एवढीच त्यांची आशा.

केतकी पोटावर हात ठेवून उठली, तसे अण्णा घाईने स्वयंपाकघराच्या दारात आडवे उभे राहिले.

“थापा, अण्णा, निव्वळ थापा!” ती म्हणाली. “तुम्ही मशीनला हात लावणार म्हटल्यावर दुसरी डिस्क मी कालच काढून कपाटात ठेवलीय.”