जाळीचं भोक

शूटिंगचे दिवे लागेपर्यंत नोराला जागेवर धड बसवेना. पायाला भिंगरी बांधल्यासारखी ती सेटवर फिरत होती. खाणीचं खोटं तोंड, माणसांना वर आणणारा लोखंडी पिंजरा, लाकडी कुंपण. पुन्हा खाणीचं तोंड.

आज शेवटचा शॉट होता. पिंजरा रिकामाच वर येतो आणि खाणकामगाराची बायको नुसती बघत राहते, एवढंच. पडदाभर फक्त चेहरा. या चेहऱ्यासाठी नोरा फेन दोन वर्षं स्टुडिओचे उंबरे झिजवत होती. एरवी सगळ्या हॉलिवूडला ती तेहतीस वर्षांची म्हणून माहीत. स्टुडिओच्या कागदांवर गेली सहा वर्षं ती तेहतीसचीच होती. "या शॉटला जाळी लावणार नाही" असा शब्द तिनं घेतला होता. जाळी म्हणजे भिंगापुढं चौकटीत ताणलेलं काळं तलम कापड. त्यातून पाहिलं की बाईची दहा वर्षं पुसून जातात. सकाळी तिनं साबणानं खसाखसा तोंड धुतलं होतं आणि रंगाचं बोटही लावू दिलं नव्हतं.

सिगारेट पेटवायला काडी हवी म्हणून ती कॅमेऱ्यापाशी गेली आणि थबकली. भिंगापुढं जाळी होती. तीही दोन पदरी.

"गस!"

सतरा वर्षं तिला टिपत आलेला म्हातारा कॅमेरामन दिव्याखालून वळला. तिचं तोंड बघताच त्यानं मान खाली घातली.

"वरून हुकूम आलाय, नोरा. आज सकाळी."

"आणि तू मुकाट्यानं लावलीस? केसानं गळा कापलास की रे माझा!"

"ओरडू नकोस, बाई. तो प्रॅट बघ." स्टुडिओचा माणूस दाराशी घड्याळ बघत उभा होता. "आत्ता येऊन जाळी तपासेल. नसली, तर उद्या माझ्या जागी दुसरा. बासष्टाव्या वर्षी मला कोण दारात उभं करणार?"

नोराला त्याचा राग आला आणि कीवही आली. हातातोंडाशी आलेला घास चालला होता.

"दुपारी सेट मोडणार आहेत," ती म्हणाली. "हे मला परत मिळायचं नाही, गस."

गसनं तिच्या बोटांतली सिगारेट घेतली, पेटवली आणि परत तिच्याच हातात दिली.

"तुझ्या डोळ्यांसाठी मी जाळीला काय करतो?"

तिला माहीत होतं. सिगारेट टेकवून दोन बारीक भोकं पाडायची. चेहरा धुक्यात राहतो, डोळे तेवढे लख्ख दिसतात.

"जाळी लाव, असा हुकूम आहे," गस पुटपुटला. "भोक केवढं, ते कुणी लिहिलेलं नाही."

नोरानं सिगारेट टेकवली. वाटाण्याएवढं भोक पडलं आणि तिचा हात अडला. तिला भीती वाटली. दोन वर्षं जे मागत होती, ते आता असं बोटभर अंतरावर आल्यावर तिला पळून जावंसं वाटलं. सतरा वर्षं ती या कापडाआड राहिली होती. पलीकडं लोक होते.

मग तिनं पुन्हा टेकवली. कापड आक्रसत गेलं, जळक्या केसांसारखा वास सुटला. शेवटी चौकटीच्या कडेला बोटभर काळी किनार उरली.

प्रॅट आला. "जाळी?"

"ही काय." गसनं चौकटीच्या कडेला टिचकी मारली. प्रॅटनं बाजूनं काळं कापड पाहिलं, मान डोलावली आणि निघून गेला.

नोरा खुणेवर उभी राहिली. कुणीतरी भिंगापासून तिच्या डोळ्यापर्यंत फीत धरून अंतर मोजलं. दिग्दर्शक खुर्चीत येऊन बसला. गसनं कॅमेऱ्याला डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही.

"म्हातारी दिसते का रे?"

"दिसतेस."

"केवढी?"

गस घुटमळला. "असशील चाळिशीची."

"पंचेचाळीस," नोरा सगळ्या सेटला ऐकू जाईल अशी म्हणाली. "कर सुरू."