एकोणीस उणे

संगणकातून बाहेर पडलेल्या लांबलचक कागदावर प्रतापरावांनी लाल पेन्सिल टेकवली.

"हे उणे कुठून आलं?"

"मशिननेच दिलंय, सर," अनुसूया म्हणाली.

मध्येच अरुंद झालेल्या रक्तवाहिनीतून ठोक्याठोक्याला रक्त कसं वाहतं, याचं गणित संस्थेच्या नव्या संगणकावर तिनेच बसवलं होतं. ती गणितात एम.एस्सी. होती. पण संगणकाला आकडे भरवायच्या कागदी टेपला भोकं पाडायचं कामही तीच करी, म्हणून प्रतापराव तिला 'पंचिंगच्या बाई' म्हणत. पुण्याहून विलायतेला आणि विलायतेहून बंगलोरला आलेल्या या माणसाला इथलं काहीच फारसं पटत नसे. तिचं कानडी मिसळलेलं मराठी तर मुळीच नाही.

"उणे म्हणजे रक्त मागे जातंय. कळतंय का तुम्हाला?"

"होय, सर. अरुंद जागेच्या पुढं, भिंतीला लागून. ठोका ओसरताना तेवढं स्वल्प मागं फिरतं."

"स्वल्प." त्यांनी शेजारच्या टेबलाकडे मान वळवली. "विद्याधर, ऐकलंत? बाईंचं रक्त स्वल्प मागं फिरतं."

विद्याधर हसला. त्याच्या बढतीचा कागद प्रतापरावांच्या खणात होता.

"तीनदा चालवून बघितलं, सर. टेपही नवी पंच केली. नाल्यावरच्या मोरीपाशी बघा, पाणी जोरात बाहेर पडतं अन् कडेचा पाचोळा मागं वळतो. तसंच हे."

"नाल्यावर बसून विज्ञान शिकायचं वय गेलं माझं."

दुपारी इस्पितळातले डॉक्टर ऐकायला येणार होते. त्यांच्यापुढे उलटं वाहणारं रक्त मांडून स्वतःचं हसं करून घ्यायची प्रतापरावांची तयारी नव्हती. उण्याला एक उभी रेघ मारली की अधिक होतं. मास्तराने वही तपासावी तशा त्यांनी एकोणीस रेघा मारल्या आणि कागद तिच्यापुढे सरकवला.

"असं टाइप करा. आणि मशिनवर बसणाऱ्यानं विचार करायचा नसतो."

"सरी," ती म्हणाली.

"मराठीत 'बरं' म्हणतात."

तिने टाइप केलं. एकही चूक केली नाही.

दुपारी प्रतापराव फळ्यापुढे तासभर बोलले. तक्त्याच्या प्रती हातोहात फिरल्या. अनुसूया शेवटच्या बाकावर बसली होती. बोलणं संपल्यावर नरसिंहराव नावाचे वयस्कर डॉक्टर उठले. शवविच्छेदनात त्यांची तीस वर्षं गेली होती.

"मला एक समजत नाही," ते म्हणाले. "अरुंद जागा ओलांडली की लगेच पुढं, भिंतीला धरून गुठळी बसलेली मी कितीदा तरी बघितलीय. तुमच्या तक्त्यात तर रक्त तिथून नीट पुढं जातंय. मग तिथं साचतं कसं? तिथं ते थबकतं, मागं वळतं, असं काही दिसलं नाही का तुम्हाला?"

प्रतापरावांनी तक्ता उलटसुलट केला. मग मागच्या बाकाकडे हात दाखवला.

"आकडे यांनी काढलेत. पंचिंगमध्ये काही राहून गेलं असेल. या बायकांवर किती लक्ष ठेवणार? सांगा हो बाई, यांना."

अनुसूया उभी राहिली. प्रतापरावांकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

"दिसलं होतं, डॉक्टर. एकोणीस ठिकाणी. आज सकाळी सरांनी ते सरळ केलं."