इसार

“आबा, त्याचा इसार त्याच्या तोंडावर फेका. आत्ताच्या आत्ता!”

छावणीच्या गुरुवारच्या बाजारात पुंजाराम बापापुढं, सोनाजीपुढं, हात जोडून उभा होता. ईद चार दिवसांवर आलेली. सोनाजीचे वीस बोकड दोरीला उभे आणि एकेकाचा भाव सोळा हजारांवर गेलेला. पण फकिरा व्यापाऱ्यानं फाल्गुनातच पिशोरला येऊन नऊ हजारांनी सौदा केला होता. वीस हजार इसार देऊन गेला होता.

“चिठ्ठी हाय का? साक्षीदार हाय का? मंग कशाला भ्यायचं?”

सोनाजी बोकडाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

पुंजारामच्या खिशात फोन थरथरला. ब्रोकरचा तिसरा निरोप. अकरापर्यंत तीन लाख भरा, नाहीतर सौदा आम्ही कापू. कापला की संपलंच. वाळूजच्या कंपनीनं चौदा वर्षांचा हिशोब करून हातावर टेकवलेले सहा लाख साफ. घरी बायकोला ते बँकेत आहेत असंच माहीत.

सिडकोतल्या क्लासच्या सरांनी तीस हजार घेऊन एकच शिकवलं होतं. कॉल विका. घेणारा येडा, विकणारा राजा. गुरुवारपर्यंत निफ्टी चढला नाही की समोरच्याचे पैसे आपले. नऊ गुरुवार पैसे आले. नवव्याला सरांनी सगळ्या वर्गाला त्याच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. आज दहावा. निफ्टी सकाळपासून उधळला होता आणि सरांचा फोन बंद.

सांडू नावाचा दुसरा व्यापारी घुटमळत होता. पुंजारामनं त्यालाच गाठलं. सांडूनं रुमालाखाली त्याची बोटं दाबून भाव सांगितला. सोळा, रोख. फकिराचा इसार परत करून नेमके तीन लाख उरत होते. फकिराच्या नऊ हजारांनी जेमतेम निम्मे.

“आबा, पाया पडतो. नाय म्हणू नका.”

“एवढे कशापायी पाहिजेत, ते तर सांग.”

शेरडं वळणाऱ्या बापाला यातलं काय कळणार, म्हणून त्यानं आजवर सांगितलं नव्हतं. आता सांगितलं. “लोक मला आधी पैसे द्यायचे. ठरल्या भावानं घ्यायचा हक्क राखायला. भाव नाय चढला तर ते पैसे माझे. चढला तर वरचा फरक मी भरायचा.”

“म्हंजी इसारच की.”

“व्हय.”

“फकिरानं मला दिला तसाच?”

“तस्साच, आबा!” पुंजारामला सकाळपासून पहिल्यांदा हायसं वाटलं. बापाला कळलं होतं.

तेवढ्यात टेम्पो थांबला. फकिरा उतरला. “काय सोनाजीबुवा, सोळा चाललाय म्हणं. नियत फिरली का?”

सोनाजीनं दोरी सोडली आणि त्याच्या हातात दिली. “नऊ. मोजून घे.”

“आबा!”

“भाव पडला असता तर इसारावर पाणी सोडून हा घरी बसला असता,” सोनाजी म्हणाला. “मी बोलू शकलो असतो का? मंग चढला म्हणून पळू कसा? इसार खाल्लाय मी.”

सांडूनं रुमाल झटकला आणि पुढं गेला. बोकड एकामागं एक टेम्पोत चढले. शेवटचा चढत असताना फोन पुन्हा थरथरला. अकरा वाजले होते. सौदा कापला होता. पुंजाराम शेणामुतात तसाच खाली बसला.

सोनाजी येऊन त्याच्या शेजारी टेकला. धोतराला हात पुसले. त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसतं कोडं पडलं होतं.

“पुंजा, इसार घेतला तव्हा तुझ्या कळपात बोकड किती व्हते?”