ओरखडे नकोत म्हणून

शलाकाने तिसऱ्यांदा ऑनलाइन परीक्षा उघडली आणि प्रोसेसर शहाण्णव अंशांवर जाताच नवा कॉम्प्युटर तिसऱ्यांदा बंद पडला. लेकीच्या जन्मानंतर नोकरीसाठी आलेलं हे पहिलंच बोलावणं, आणि परीक्षा अकरा वाजता संपणार होती.

"पंखे तर फिरतायत," तिचा नवरा हर्षल म्हणाला. दोन दिवस खपून त्यानेच तो जोडला होता.

तिची नजर टीव्हीच्या रिमोटकडे गेली. वर्ष झालं, तरी नवऱ्याने त्याचं प्लास्टिक काढू दिलं नव्हतं.

"अरे, प्रोसेसरवर टेकतो त्या कूलरच्या तळाला प्लास्टिक होतं का?"

"होतं की. राहू दिलं. ओरखडे नकोत."

तिने कूलर काढला, प्लास्टिक सोललं, सगळं परत बसवलं. कॉम्प्युटर सुरू झाला तेव्हा अकरा वाजून सात मिनिटं झाली होती.

"बघ, अडतीस," हर्षल खुशीत म्हणाला. "आता हवा तेवढा वेळ चालव."